साडेसात किलो

खंबाटकीच्या चढाला, चौथ्या गिअरात,
सुई चढली. गाडी नाही.
इंजिन ओरडत पुढे गेलं
आणि मागे राहिलो आम्ही,
मी आणि चार चाकं, जळक्या वासात.

"सुटतोय क्लच," इलाही नदाफ म्हणाले,
बॉनेट न उघडता, नुसतं नाक पुढे करून.
"पुण्याला जाऊन घोडे वाढवून आणलेत,
जू मात्र जुनंच."

त्यांच्या गॅरेजात वजनकाटा नाही.
म्हणून दोन फ्लायव्हील काखेत मारून
आम्ही गोडोलीच्या कोपऱ्यावर,
सोजरबाईंच्या कांदेबटाट्यांत.
कंपनीचं, निळे डाग पडलेलं: साडेअकरा.
मी मागवलेलं, आरशासारखं: चार किलो शंभर.
बाईंनी दोन्हींच्या किमती विचारल्या.
"निम्म्याहून कमी माल, आन् दुप्पट पैसं?
मी आसं केलं तर लोक काटा फोडत्याल माझा."

मी समजावलं, हलकं असलं की
इंजिन कसं चटकन चढतं, पाय टेकायचा अवकाश.
त्या बटाटे निवडत होत्या.
"हलक्या जात्याचं त्येच की.
हात सुटला का थांबतंय.
जड जातं आपल्या गतीनं दोन फेरं जादा घेतं,
तेवढ्यात बाई पदर सावरती."

इलाहीभाई यावर काही बोलले नाहीत.
परत येऊन त्यांनी माझी दुसरी हौस हातात घेतली:
क्लच प्लेट, तांबूस, सहा टिकल्यांची.
"ही रेसची. हिला दोनच शब्द येतात,
आहे आणि नाही.
आणि पोवई नाक्यावर संध्याकाळी साडेसहाला
त्या दोन शब्दांच्या मधल्या बोटभर जागेत
आख्खा सातारा उभा असतो.
वहिनी चालवतात ना गाडी?"

चालवते. मंगळवारी आणि शुक्रवारी, कोरेगावला.
हेमांगीच्या डाव्या गुडघ्यात दोन स्क्रू आहेत.
मी घोडे मोजले होते, दोनशे नव्वद,
टॉर्क मोजला होता, टर्बोचा दाब,
रात्री दोन वाजेपर्यंत कागदावर.
गुडघा कुठल्याच रकान्यात नव्हता.

मग ठरलं ते असं:
फ्लायव्हील एकसंध पोलादाचं, साडेसात किलो.
प्लेट साधीच, स्प्रिंगांची, ऑरगॅनिक अस्तराची.
प्रेशर प्लेट एकच पायरी कडक.
"न्यूट्रलला थोडं खडखडेल," भाई म्हणाले,
"पायलीभर खडे हलवल्यासारखं. ऐकून घ्यायचं.
आणि आठशे किलोमीटर दाबायचं नाही.
हायवे नको. गावातच फिरवा.
थांबा, निघा, थांबा, निघा.
धरायचं कसं ते तिला शिकू द्या."

तेव्हापासून दोनशे नव्वद घोडे
मोती चौकात सायकलमागे चालतात.
पाचशे एक पाटीला कोथिंबीर घेतात.
समर्थ मंदिराच्या चढाला
पुढे शाळेची व्हॅन, मागे रिक्षा, वीतभर अंतर,
आणि मी डावा पाय उचलतो
दुधाची साय उचलावी तसा,
अजून, अजून जरासा,
मग तळव्यालाच कळतं, कानाच्याही आधी:
धरलं.
रिक्षावाला हॉर्न देतो. त्याला काय माहीत.

ती जागा हेमांगीला तिसऱ्या दिवशी सापडली.
मला नवव्या.
ती म्हणते, तुझा पाय आधीच पोचलेला असतो.

जुनं निळ्या डागांचं फ्लायव्हील सोजरबाईंनी मागून घेतलं.
वारं सुटलं की ताडपत्रीच्या कोपऱ्यावर ठेवतात.
ताडपत्री हलत नाही.

खंबाटकी इथून जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर.
मला अजून पाचशे दहा.

चार किलो शंभरवालं मी परत पाठवलेलं नाही.
कपाटात आहे, स्वेटरांच्या खाली,
जुन्या टॉवेलात गुंडाळून.
हेमांगीला माहीत आहे.